काशीला धरणीकंप होत नाही म्हणतात...

काशीच्या नावाड्याला, पंड्याला किंवा गल्लीतल्या पानवाल्याला विचारून पाहा, "इथे भूकंप होतो का हो?" उत्तर ठरलेले असते. काशी तर बाबा विश्वनाथाच्या त्रिशूळावर उभी आहे! बाकीची पृथ्वी शेषाच्या मस्तकावर. त्याने जरा कूस बदलली की ती हलते. काशी मात्र महादेवाने वेगळी उचलून धरलेली. प्रलयातही ती बुडत नाही, तिथे धरणीकंपाची काय कथा! त्रिशूळाची तीन टोकेही तुम्हाला दाखवतील. उत्तरेला ओंकारेश्वर, मध्ये विश्वेश्वर आणि दक्षिणेला केदारेश्वर. हे काशीचे तीन खंड, आणि तिन्ही देवळे शहरातल्या तीन उंचवट्यांवर.

ऐकायला फार गोड वाटते. पण धरती या शहराखालीही हलते. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास बिहार-नेपाळच्या सीमेवर महाभयंकर भूकंप झाला. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे जमीनदोस्त झाली, दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्याचा हादरा काशीपर्यंत आला होता. २१ ऑगस्ट १९८८ रोजी पहाटे पुन्हा त्याच बाजूला भूकंप झाला. आणि २५ एप्रिल २०१५ची गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. शनिवारी सकाळी पावणेबाराच्या सुमारास नेपाळ हादरले, तेव्हा साडेतीनशे किलोमीटरवरच्या काशीतही पंखे झुलले, भांडी खणखणली आणि लोक घराबाहेर पळाले.

प्रत्येक वेळी काशी बचावली. म्हणूनच त्रिशूळावरचा विश्वास आणखी पक्का झाला. काशीला जाणारा मराठी माणूस गंगास्नान करतो, विश्वनाथ-अन्नपूर्णेचे दर्शन घेतो, गंगाजलाची लोटी घेऊन परततो. यावेळी जाल तेव्हा आणखी एका नजरेने हे शहर पाहा. ज्या गावात मोठा भूकंप क्वचितच जाणवतो, ते गाव आपल्या भिंती कशा सांभाळते, या नजरेने. काशी त्या दृष्टीने मोठी शहाणी आणि थोडी बेफिकीरही आहे.

वाटेवरचे जबलपूर

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने निघालात तर गाडी कल्याण, नाशिक, भुसावळ, इटारसी करत जबलपूरला येते. इथे चहा घ्यायला उतराल तेव्हा एक तारीख आठवा : २२ मे १९९७. पहाटे चारनंतर, लोक गाढ झोपेत असताना, जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला. भूकंपमापनाच्या हिशेबात तो साडेपाच ते सहाच्या दरम्यानचा, म्हणजे मध्यम. तरीही जवळजवळ चाळीस माणसे दगावली आणि हजारो घरांना तडे गेले.

नर्मदेच्या खोऱ्यात जमिनीखाली फार जुन्या भेगा आहेत. हिमालयासारखी ती रोज ताणाखाली कण्हणारी जमीन नाही. पण शेकडो वर्षे साचत गेलेला ताण कधीतरी तिथेही मोकळा होतो. तो कधी होईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि तसा अनुभव आजोबा-पणजोबांच्या आठवणीत नसल्याने घरे बांधताना कुणी त्याचा विचारही करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराला २८ डिसेंबर १९८९ रोजी असाच मध्यम धक्का बसला होता. शांत समजल्या जाणाऱ्या त्या मुलखात तेरा जण मरण पावले.

काशीची गोष्ट जरा वेगळी आहे. तिच्याकडे येणारा भूकंप यात्रेकरूसारखा दुरून येतो. हिमालयाच्या पोटात तो जन्मतो तेव्हा प्रचंड असतो, तीनशे-चारशे किलोमीटर चालून काशीला पोहोचेपर्यंत त्याचे बळ बरेच ओसरलेले असते. २००२ साली देशाचा भूकंप-नकाशा सुधारण्यात आला. त्यात दुसरा ते पाचवा असे चार विभाग होते आणि वाराणसी तिसऱ्यात, म्हणजे मध्यम धोक्यात होती. मुंबई-पुणेही त्याच विभागात, हे आपण लक्षात ठेवलेले बरे!

कंकराचा कणा

पहाटे अस्सी घाटावर नाव ठरवा आणि उत्तरेकडे निघा. डाव्या हाताला उंचच उंच घाट, देवळांची शिखरे, वाडे. उजव्या हाताला नुसता वाळूचा मोकळा पट्टा. एकाच नदीचे हे दोन काठ इतके वेगळे का?

काशीचा काठ हा नुसत्या गाळाचा नाही. चिकणमाती आणि चुनखडीचे खडे एकत्र घट्ट होऊन तयार झालेला कंकराचा उंच कणा इथे नदीच्या काठाने धावतो. इथे उत्तरवाहिनी झालेली गंगा या कण्याला वळसा घालून जाते. समोरचा काठ सखल आणि वाळूचा, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. म्हणून शहर एकाच तीरावर वाढले. त्रिशूळ म्हणा की कंकर म्हणा, काशीला उचलून धरणारे काहीतरी आहे हे मात्र खरे.

पण या कण्याच्या खाली आणि मागे आहे तो गंगेने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ. भूकंपाची लाट कठीण खडकातून झपाट्याने निघून जाते. मऊ गाळात आली की ती रेंगाळते आणि झोके मोठे होतात. परातीतला खरवस आठवा. परातीला बोट लागले तर परात जेमतेम हलते, खरवस मात्र थरथरत राहतो. १९३४ साली उत्तर बिहारच्या सपाट गाळात हेच झाले. कित्येक ठिकाणी जमीन फाटून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले, शेतांवर वाळूचे थर पसरले, इमारती जागच्या जागी खचल्या.

घाटांवरच्या खुणा

नाव पुढे सरकते. अस्सीजवळ भदैनीला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे स्मारक आहे. मणिकर्णिका तांबे या मुलीचा जन्म याच शहरातला. मग हरिश्चंद्र घाट, केदारेश्वराचे देऊळ आणि त्यानंतर येतो दरभंगा घाट. चुनारच्या दगडातला इथला भव्य वाडा पाहून मान वर करावीच लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. याच महाराज रामेश्वरसिंहांनी बिहारमध्ये राजनगरला फार देखणा राजवाडा उभारला होता. १९३४च्या भूकंपात त्याचे अवशेष तेवढे उरले. काशीतला वाडा मात्र उभा आहे, आता तिथे हॉटेल चालते. एकाच घराण्याचे दोन वाडे आणि एकाच भूकंपाची दोन रूपे. अंतराने काशीला वाचवले ते असे.

अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध आणि मानमंदिर मागे टाकून ललिता घाटाला या. वरच्या अंगाला लाकडात कोरलेले एक छोटेसे देऊळ आहे. लोक त्याला नेपाळी मंदिर किंवा काठवाला मंदिर म्हणतात. नेपाळचे राजे रणबहादुर शाह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राज्य सोडून काशीत येऊन राहिले होते. पशुपतिनाथाच्या धर्तीचे देऊळ इथे असावे ही त्यांची इच्छा, पुढे त्यांच्या मुलाने ती पुरी केली. उतरते दुमजली छप्पर, विटांच्या भिंती आणि त्यांना आवळून धरणारी लाकडी चौकट. भूकंपाच्या देशातल्या कारागिरांची ही जुनी रीत. लाकूड थोडे वाकते, थोडे कुरकुरते, पण दगडासारखे एकदम तुटत नाही.

अर्थात लाकूड आहे म्हणून सारे निभावते असेही नाही. २०१५ साली काठमांडूतले पशुपतिनाथाचे मुख्य देऊळ टिकले, पण ज्याच्यावरून त्या शहराला नाव मिळाले ते काष्ठमंडप कोसळले. नंतर पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदून पाहिले, तेव्हा जुना पाया भक्कम आढळला. दोष होता तो लाकडी खांब पायाला टेकतात त्या जागी. वरून दिसत नाही म्हणून तिकडे लक्ष गेले नव्हते.

मणिकर्णिकेच्या चिता ओलांडल्या की शिंदे घाट. इथे नाव थांबवायला सांगा. पाण्यात एका बाजूला कललेले देऊळ दिसेल. हे रत्नेश्वर महादेवाचे. नऊ अंशांच्या आसपास कललेले हे देऊळ पाहून प्रत्येकाला पिसाचा मनोरा आठवतो. कथा तर किती! कुणी म्हणते, मुलाने "आईचे ऋण फेडले" असा अभिमान मिरवला आणि देऊळ कलले. कुणी सांगते, अहिल्याबाईंच्या दासीने ते बांधून स्वतःचे नाव दिले, म्हणून तिला शाप मिळाला. कुणी भूकंपाकडेही बोट दाखवते. खरे कारण साधे असावे. जुन्या छायाचित्रांत हे देऊळ सरळ दिसते. नदीच्या अगदी ओठावर, गाळात बसवलेला पाया एका बाजूने खचला. वर्षातले कित्येक महिने गाभाऱ्यात पाणी आणि गाळ असतो, पूजाही उरलेल्या काळापुरतीच होते.

शेजारचा शिंदे घाटही असाच. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास तो इतका भव्य बांधला, की स्वतःचाच भार त्याला पेलला नाही. घाट खचला आणि विसाव्या शतकात शिंद्यांनी तो पुन्हा बांधला. ना धरणीकंप, ना वीज. वरचा डोलारा आणि खालची जमीन यांचे जमले नाही, एवढेच.

पुढे भोसले घाट, अमृतराव पेशव्यांचे गणेशमंदिर असलेला गणेश घाट, रामघाट, आणि ज्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी शहनाईचा रियाज केला तो बालाजी घाट. मग पंचगंगा. इथे वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद आहे. मूळ बिंदुमाधवाचे देऊळ इथेच होते. आजचे बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी शेजारी बांधलेले. मशिदीचे सुमारे दीडशे फूट उंचीचे दोन मिनार एकेकाळी बनारसची ओळख होते. लोक त्यांना "माधवरावाचे धरहरा" म्हणत. १८२०च्या दशकात टाकसाळीतला जेम्स प्रिन्सेप हा हरहुन्नरी इंग्रज अधिकारी इथे होता. मिनार कलू लागल्याचे त्याने पाहिले आणि त्यांची दुरुस्ती करवून घेतली. त्यानंतर ते शंभर वर्षांहून जास्त टिकले. १९४८ साली त्यातला एक कोसळला आणि दुसराही पुढे धोका नको म्हणून उतरवण्यात आला. आज जुन्या चित्रांतच ते मिनार पाहायचे.

योगायोग पाहा. काठमांडूतही धरहरा नावाचा एक उंच मनोरा होता. १९३४च्या भूकंपात तो मोडला, पुन्हा बांधला, २०१५मध्ये पुन्हा कोसळला आणि आत गेलेली माणसे दगावली. आता तिथे नवा धरहरा उभा आहे. काठमांडूचा धरहरा भूकंपाने पाडला, काशीचा भूकंपाशिवायच पडला.

गल्लीतली काशी

पंचगंगेवरून वर चढलात की दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागातल्या गल्ल्या लागतात. पाट्या हिंदी, पण मधूनच कानावर मराठी पडते. ज्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला ते याच काशीचे. वेदाध्ययनाला आलेली, पेशव्यांच्या आणि सरदारांच्या आश्रयाने राहिलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली. ब्रह्माघाटावर गणेशोत्सवही शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे.

या भागाला पक्का महाल म्हणतात. चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे, मध्ये छोटासा चौक आणि वरून उतरणारा उजेडाचा एक कवडसा. भिंती पातळ लाखौरी विटांच्या, चुना-सुरखीत बांधलेल्या. छतावर दगडी फरशा, बाहेर दगडी घोड्यांवर पेललेले सज्जे. समोरच्या घरातल्या वहिनी खिडकीतून हात लांबवून वाटीभर साखर देतील, इतकी गल्ली अरुंद. उन्हाळ्यात या सावलीत जीव निवतो. एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या घरांचा एकमेकांना आधारही असतो.

पण हीच घरे भूकंपाच्या नजरेने पाहिली की काळजात चर्र होते. कुठे चुना झडून विटा उघड्या पडलेल्या. कुठे सज्ज्याच्या खाचेत पिंपळ रुजून मुळांनी भिंत फोडलेली. दीडशे वर्षांच्या भिंतीवर मजला चढवून वर पाण्याची टाकी ठेवलेली. भाऊबंदकीच्या वादात अडकलेल्या घराला तर कुणीच वाली नाही. भाडे जुने म्हणून मालक खर्च करत नाही आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू करत नाही. पावसाळ्यात अशी एखादी भिंत नुसत्या पाण्यानेच ढासळते, मग धक्का बसला तर? आणि माणसे पळणार कुठे? दोन हात रुंदीच्या गल्लीत वरून सज्जाच कोसळणार.

गंमत अशी, की पुराविषयी हीच काशी कमालीची जागरूक आहे. घाटाच्या पायऱ्या पाहून नावाडी पाण्याचा अंदाज सांगतो. १९७८चा मोठा पूर कुठवर चढला होता, हे म्हातारी माणसे हाताने दाखवतात. पाणी वाढले की आरती वरच्या पायरीवर, मग गच्चीवर जाते. दरवर्षी येणाऱ्या संकटाची सवय होते, त्याच्याशी वागायची रीत घरातली लेकरेसुद्धा शिकतात. दोन पिढ्यांतून एकदा येणाऱ्या संकटाची रीत कोण शिकवणार? १९३४ आठवणारी माणसे आता कुठे उरली?

किल्लारीचा धडा

हे आपल्याला समजायला काशीला जायचीही गरज नाही. मराठवाड्यानेच त्याची जबर किंमत मोजली आहे. दख्खनचे पठार काळ्या पाषाणाचे, पृथ्वीच्या पाठीवरच्या अतिप्राचीन आणि स्थिर भागांपैकी एक. १९६७च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा सगळे धरणाविषयी बोलले. लातूर-उस्मानाबादकडे भूकंप होईल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

१९९२च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात लहान लहान धक्के बसू लागले. लोक घाबरले, मग सरावले. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना जमीन हादरली. भूकंप ६.२ ते ६.४च्या घरातला. जपानसारख्या देशात एवढ्या धक्क्यात कपाटातली भांडी पडतात, सहसा फारतर काही घरांचे नुकसान होते. इथे जवळपास आठ हजार माणसे गेली. गावेच्या गावे ढिगारा झाली.

मारले ते घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड गोल आणि मध्ये नुसती माती. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर उन्हापासून बचाव म्हणून मातीचा जाड, जड धाबा. हादरा बसताच भिंती पोटातून फुटल्या आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. कित्येक घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभाच होता, भिंती मात्र पायाशी पडल्या होत्या. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हा शतकांचा समज एका मिनिटाच्या आत खोटा ठरला.

पुनर्वसनात मग साध्या गोष्टी शिकवल्या गेल्या. दारा-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखा सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा. कोपरे एकमेकांत गुंफायचे. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड घालायचे. धाब्यावरची माती कमी करायची. २००२च्या नकाशात हा परिसर तिसऱ्या विभागात आला, म्हणजे त्या नकाशात किल्लारी आणि काशी शेजारी बसल्या.

त्रिशूळ धरणारे हात

१९३४च्या भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे फळ म्हटले होते. रवींद्रनाथ ठाकूरांना हे पटले नाही. निसर्गातल्या घटनेला अशी नैतिक कारणे चिकटवू नयेत, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. दोघांचा एकमेकांविषयीचा आदर मात्र तसाच राहिला. काशीच्या त्रिशूळाकडे पाहतानाही हा तोल ठेवता येतो. श्रद्धेने मनाला धीर द्यावा. भिंतीला आधार मात्र गवंड्याच्या हातचा लागतो.

आणि हे काशीला शिकवायला नकोच. या शहराचा इतिहासच दुरुस्तीचा आहे. मोडलेले विश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास पुन्हा उभे केले. पेशव्यांनी, शिंद्यांनी, भोसल्यांनी घाट बांधले, आणि ते खचले तेव्हा पुढच्या पिढ्यांनी पुन्हा बांधले. दर पावसाळ्यानंतर घाटांवर साचलेला गाळ पंप लावून धुऊन काढतात, तेव्हा कुठे पायऱ्या पुन्हा दिसतात. शहर अनादि आहे असे आपण म्हणतो खरे, पण आज दिसणारी बहुतेक देवळे नि घाट दोन-अडीचशे वर्षांतले आहेत. ते टिकले कारण कुणीतरी वेळोवेळी पायाकडे पाहिले. प्रिन्सेपने पाहिले तेव्हा मिनार राहिले, पुढे पाहणे थांबले तेव्हा पडले.

अलीकडे काशीत मोठे फेरफार झाले. विश्वनाथ धामासाठी शेकडो जुनी घरे हटवून गंगेपासून मंदिरापर्यंत प्रशस्त वाट केली गेली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी तिचे उद्घाटन झाले. गर्दीला मोकळी जागा मिळाली हे खरे, आणि एक जुनी वस्ती नाहीशी झाली हेही खरे. राहिलेला पक्का महाल पाडायचीही गरज नाही आणि नशिबावर सोडायचीही नाही. चुन्याच्या भिंतीला चुन्याचीच डागडुजी, सुटे सज्जे आवळणे, लोखंडी बंधांनी भिंती एकमेकींना बांधणे, गच्चीवरचा भार उतरवणे, पिंपळाची रोपे वेळीच उपटणे. यातले बरेचसे काम तर घरच्या घरी सुरू करता येते. आपल्या गावाकडच्या वाड्यालाही हीच औषधे लागू पडतात!

काशीला जाल तेव्हा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी पाहायची असेल तर राहण्याची सोय फार आधी करा. मुंबईहून महानगरी आणि पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेस सोयीच्या आहेत. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. थंडीत सकाळी धुके दाट असते, गाड्या उशिरा धावतात, त्यामुळे परतीच्या प्रवासात वेळ हाताशी ठेवा.

घाटाजवळच्या जुन्या वाड्यात उतरण्याची मजा काही औरच. खोली घेताना मात्र गंगेचे दृश्य पाहता पाहता जिना कुठे आहे, बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, हेही पाहून ठेवा. पलंग जड कपाटाखाली किंवा तडा गेलेल्या भिंतीशी नको. कधी धक्का जाणवलाच तर धावत गल्लीत जाऊ नका, वरून काय पडेल सांगता येत नाही. मजबूत टेबल किंवा पलंगाखाली डोके वाचवा, खिडक्या-सज्ज्यांपासून दूर राहा, आणि हादरे थांबल्यावर शांतपणे मोकळ्या जागेत या. मुलांना हे खेळासारखे एकदा समजावून सांगितले की पुरे.

आणि सकाळी नावेतून रत्नेश्वराचे कललेले देऊळ मुलांना जरूर दाखवा. ते का कलले असेल, असे त्यांनाच विचारा. शापाची कथाही सांगा आणि पायाखालच्या गाळाची गोष्टही सांगा. घरी परतल्यावर गंगाजल देव्हाऱ्यात ठेवून झाले, की एकदा आपल्या घराच्या भिंतींभोवतीही चक्कर मारा. कुठे तडा दिसला, कुठे ओल मुरताना दिसली, तर गवंड्याला या दिवाळीच्या आधीच बोलावणे धाडा.